विश्लेषण : उघड्या ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून लागताना पगाराआधी काय विचारावे?

कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलरच्या रांगांमधून चालत गेलात, तर एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘गाडी उभी आहे, ड्रायव्हर नाही.’ जालन्यात सळयांच्या कारखान्यांबाहेर तेच, उरणमध्ये जेएनपीए बंदराबाहेरच्या पार्किंगमध्येही तेच. वाहतूकदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ट्रेलरसाठी अनुभवी ड्रायव्हर पाहिजे’ हा मजकूर फिरत असतो आणि खाली बारीक अक्षरात ‘नवीन असेल तरी चालेल’ असेही असते.

ज्याच्या हातात नुकतेच अवजड वाहनाचे लायसन्स पडले आहे, त्याला ही सुवर्णसंधी वाटते. चार ठिकाणांहून फोन येतात. चौघे चार आकडे सांगतात. मुलगा सर्वांत मोठा आकडा सांगणाऱ्याकडे जातो, आणि तीन महिन्यांनी गाडी एखाद्या ढाब्यावर लावून, चावी क्लीनरकडे देऊन एसटीने गावी परततो. हिशेब राहिलेला, कधी मूळ लायसन्सही मालकाच्या कपाटात राहिलेले.

चूक पगार विचारण्यात नाही. पोटासाठीच माणूस घराबाहेर पडतो. पण या धंद्यात पगाराचा आकडा सर्वांत कमी माहिती देतो. खरी माहिती दुसऱ्या एका प्रश्नात आहे : नुकसान झाले तर ते कोणाच्या नावावर लिहिले जाते? डिझेल कमी पडले, काट्यावर वजन जास्त भरले, वळणावर माल सरकला, कारखान्याच्या गेटवर दोन दिवस गेले, रस्त्यात अपघात झाला, या प्रत्येक वेळी कोणाच्या खिशात हात जातो? मालक निवडायचा तो या उत्तरावरून.

उघडा ट्रेलर वेगळा का?

कंटेनर ओढणारा ड्रायव्हर मालाला हात लावत नाही. दार बंद, त्यावर सील. गाडी न्यायची आणि उतरवायची. उघड्या ट्रेलरचे तसे नाही. पुढे घोडा, मागे सपाट फळा. बाजूला फाळके नाहीत, वर छप्पर नाही. त्यावर पोलादाच्या कॉइल, प्लेटा, सळयांचे बंडल, पाइप, यंत्रे येतात. त्यांना जागेवर धरून ठेवतात त्या फक्त साखळ्या, पट्टे, लाकडी पाचरी आणि ड्रायव्हरची अक्कल.

पेणजवळच्या डोलवीसारख्या कारखान्यातून निघणारी एक कॉइल वीस-पंचवीस टनांची असू शकते. ब्रेक मारल्यावर गाडी थांबते; माल थांबेलच असे नाही. साखळी ढिली असेल तर कॉइल पुढे केबिनवर येते. सळयांचे बंडल सरकले तर त्या केबिनची मागची भिंत भेदून येतात. कॉइल आडवी ठेवली तर घरंगळण्याचा धोका एका दिशेला, उभी ठेवली तर कलंडण्याचा धोका दुसऱ्या. पाचर कुठे, किती साखळ्या, कोणत्या कोनात, पट्टा धारेवर घासतो तिथे खाली काय घालायचे, ही विद्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणी शिकवत नाही. ती उस्तादाच्या शेजारी बसून येते. क्लीनर म्हणून चार वर्षे घासली की ट्रेलर हातात, ही जुनी शिडी होती. आता क्लीनरच मिळेनासे झाले, आणि पोरगा छोट्या टेम्पोवरून थेट घोड्यावर चढतो.

अमेरिकेत याच कामाला ‘फ्लॅटबेड’ म्हणतात. तिथल्या संघीय नियमांनुसार बांधणीच्या साहित्याची एकूण क्षमता मालाच्या वजनाच्या किमान निम्मी असावी लागते. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या, आत थांबून ड्रायव्हरने साखळ्या तपासायच्या. पुढे दर तीन तासांनी किंवा १५० मैलांनी पुन्हा. मालावर ताडपत्री चढवण्याचे वेगळे पैसे देणाऱ्या कंपन्याही तिथे आहेत, आणि नवा ड्रायव्हर कंपनी निवडताना तो आकडा विचारतो. आपल्याकडे ताडपत्री ओढणे हे ड्रायव्हरचे काम म्हणून गृहीत धरलेले असते. दोर तुटून खाली पडलेला माणूस ट्रेलरवर चढलाच का, असेही वर विचारले जाते.

म्हणून मालकाला पहिला प्रश्न असा : ‘शेठ, पहिल्या महिन्यात माझ्याबरोबर कोण असेल?’ अनुभवी ड्रायव्हरबरोबर दोन-चार फेऱ्या पगारी करून देणारा मालक आणि ‘अरे, येईल आपोआप’ म्हणणारा मालक यांतला फरक महिन्याला दोन हजारांच्या फरकापेक्षा मोठा आहे. दुसरी गोष्ट विचारायची नाही, बघायची. गाडीच्या पेटीत साखळ्या किती आहेत, हुक वाकलेले आहेत का, पट्टे उसवलेले आहेत का, मागच्या टायरची नक्षी उरली आहे का. ज्याची पेटी रिकामी, त्याचा पगार वेळेवर होतो असा अनुभव विरळाच.

लायसन्स तुमचे, दंड शेठचा

अवजड वाहनाचा परवाना सहज मिळालेला नसतो. मोटार वाहन कायद्यानुसार व्यावसायिक वाहनासाठी वय किमान २० हवे आणि त्याआधी हलक्या वाहनाचे लायसन्स किमान वर्षभर असावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये साडेसात टनांपर्यंतच्या व्यावसायिक गाड्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतील असा निकाल दिला. काहींनी त्याचा अर्थ ताणला. ट्रेलर त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहे. त्याला तो निकाल लागू होत नाही.

एवढ्या खटपटीने मिळालेले लायसन्स ओव्हरलोडमुळे जाऊ शकते. कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे. सहा टन जास्त भरले तर ३२ हजार. माल बाजूने, मागे, पुढे किंवा उंचीने मर्यादेबाहेर डोकावत असेल तरी २० हजार. उघड्या ट्रेलरवरच्या सळया-पाइपांना हा नियम रोजचाच. काट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर ४० हजार. ‘घाबरू नको, दंड मी भरतो,’ असे शेठ सांगतो आणि बहुतेकदा भरतोही. पण सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितले आहे, की मालवाहू गाडीत जादा माल भरल्यास लायसन्स किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करावे. ते लायसन्स शेठचे नसते. तीन महिने घरी बसल्यावर शेठ पगार देणार का, हे कोणी विचारत नाही.

गाडीच्या आरसीवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. २०१८ मध्ये केंद्राने मर्यादा वाढवल्यानंतर घोडा-ट्रेलरसाठी ती जास्तीत जास्त ५५ टनांपर्यंत जाते. समजा गाडीची मर्यादा ५५ टन आणि रिकाम्या गाडीचे वजन १६ टन, तर माल ३९ टन. हा आकडा प्रत्येक ड्रायव्हरला पाठ हवा आणि काट्याच्या पावतीचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये हवा. नोकरी धरताना सरळ विचारावे : ‘पासिंगपेक्षा जास्त माल भरायला सांगितला आणि मी नाही म्हटले, तर?’ यावर शेठ हसला तर उत्तर मिळाले असे समजायला हरकत नाही.

‘परवा सकाळी पोहोच’

कळंबोली ते बेंगळूरु सुमारे साडेनऊशे किलोमीटर. भरलेला ट्रेलर घाट, टोल, शहरांच्या हद्दी धरून सरासरी ताशी ४० किलोमीटरने गेला तर निव्वळ चालवण्याचेच २४ तास होतात. कायद्यातला कामाचा दिवस आठ तासांचा. म्हणजे एकट्या ड्रायव्हरसाठी ही तीन दिवसांची फेरी आहे. जीएसटीचे ई-वे बिलही दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने पाच दिवस चालते. म्हणजे सरकारी कागदाला घाई नाही. ‘परवा सकाळी पोहोच’ असे सांगणाऱ्याला घाई आहे, कारण महिन्यात सहाऐवजी आठ फेऱ्या झाल्या तरच गाडीचा हप्ता निघतो असे गणित त्याने बँकेत कर्ज घेतानाच मांडलेले असते.

कायद्यात ड्रायव्हरच्या तासांचा विचार नवा नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती हे सगळे होते. मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ त्याच तासांकडे बोट दाखवते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा जुना कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. त्या संहितेने नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले. पण ती साधारणपणे दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. दोन-तीन गाड्यांचा मालक, जो आपल्याकडच्या मालवाहतुकीत गल्लोगल्ली दिसतो, तो या रेषेच्या बाहेर राहतो. ज्याच्याकडे नवा पोरगा पहिली नोकरी धरतो तो बहुधा हाच मालक. ही कायद्यातली फट आहे आणि ती बुजवायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. डोळा लागून गेलेला ट्रेलर समोरच्या मोटारीला धडकतो तेव्हा मालकाकडे किती कामगार आहेत हे बघून धडकत नाही.

तोवर ड्रायव्हरने दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. लांबच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर आहे का? आणि नसेल तर फेरीला किती दिवस धरले आहेत? दिवसांचा आकडा तोंडी न घेता व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावा. नंतर वाद झाला तर तोच मेसेज कामी येतो.

थांबण्याचे तासही यातच मोजायला हवेत. कारखान्याच्या गेटवर नंबर लावून दीड दिवस, उतरवायला क्रेन नाही म्हणून आणखी एक दिवस. या खोळंब्याचे पैसे, म्हणजे हॉल्टिंग, मालक पार्टीकडून मागतो. मिळाले तर ड्रायव्हरला त्यातले काही मिळते का? फेरीवर पगार असेल, तर उभ्या गाडीचा दिवस फुकट जातो. महिन्यावर असेल, तर भत्ता चालू राहतो की नाही ते विचारावे. वाराई आणि हमालीचे पैसे कोण देतो हेही आधी ठरलेले बरे; गोदामात माथाडी कामगारांसमोर उभे राहून शेठला फोन लावण्यात अर्धा दिवस जातो.

ॲव्हरेजचा फास

आता सर्वांत घातक अटीकडे. बरेच मालक लिटरमागे अमुक किलोमीटर ॲव्हरेज पडलेच पाहिजे असे ठरवतात. कमी पडले तर डिझेलचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून, जास्त पडले तर वाचलेले डिझेल ड्रायव्हरचे. ऐकायला ठीक वाटते, पण उतार आला की हीच अट पायाला ओढते. ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करतो. काही महाभाग इंजिनच बंद करतात.

पुण्यात कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे येणारा उतार यासाठी बदनाम आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने ओळीने अनेक वाहने ठोकरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच भागात पुन्हा मोठी जीवितहानी झाली. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असू शकते, पण न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या जड गाडीचे गणित सर्वत्र एकच आहे. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे खेचते. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि पकड सोडतात. इंजिन बंद असेल तर हवेचा दाबही नव्याने भरत नाही आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. यातली गंमत अशी, की नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलेटर सोडला की डिझेलचा पुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते. म्हणजे जीव धोक्यात घालून वाचत काहीच नाही. ही साधी गोष्ट ड्रायव्हरला सांगण्याऐवजी त्याच्या पगारातून लिटर कापणारा मालक स्वतःच्याच गाडीचा वैरी आहे.

ॲव्हरेजची अट असेल तर ती भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी वेगळी आहे का, घाटाच्या मार्गासाठी वेगळी आहे का, हे विचारावे. एकच आकडा सगळीकडे लावणाऱ्याकडे नव्या माणसाने जाऊ नये, असे आम्ही म्हणू. गाडी हातात बसायलाच सहा महिने लागतात आणि त्या सहा महिन्यांत ॲव्हरेज कमीच पडणार.

कपातीबाबत कायदा इथे ड्रायव्हरच्या बाजूने आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. वेतन संहिता लहान-मोठ्या सर्व मालकांना लागू आहे. दहा कामगारांची रेषा तिला नाही. तिच्यानुसार नुकसानीपोटी पैसे कापायचे तर ते नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणामुळेच झालेले असावे लागते आणि त्याआधी त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि नोकरी सुटल्यास उरलेला हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. कागदावरचा हक्क आणि ट्रान्सपोर्ट नगरातला व्यवहार यांत अंतर आहे हे मान्य. पण शेठशी बोलताना कायदा ठाऊक असलेल्या माणसाचा आवाज वेगळा लागतो.

उचल

उसतोडीच्या पट्ट्यातल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको. गावी लग्न, आजारपण, घराचे पत्रे. ड्रायव्हर पन्नास हजार उचल घेतो. फेडेपर्यंत नोकरी सोडता येत नाही. फिटत आली की दिवाळीला आणखी थोडी घेतली जाते. मग ओव्हरलोड असो, टक्कल पडलेले टायर असोत, ‘नाही’ म्हणायची सोय उरत नाही. मोठी उचल आपणहून पुढे करणारा मालक उदार वाटतो. नव्या ड्रायव्हरने त्याच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे. फेरीचा खर्च म्हणून दिलेली रक्कम आणि उचल यांची सरमिसळ होऊ देऊ नये. टोल आता फास्टॅगमधून मालकाच्या खात्यातून जातो, तेव्हा रोख खर्चाची वही पूर्वीपेक्षा बरीच छोटी झाली आहे. ती रोज लिहावी.

मूळ लायसन्स ठेवून घेणे हा उचलीचाच भाऊ. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले लायसन्स तपासणीत ग्राह्य धरले जाते, म्हणून ‘मोबाइलवर तर आहे ना तुझ्या’ असे म्हणत मूळ कार्ड कपाटात टाकतात. प्रत द्यावी, मूळ देऊ नये. अडून बसला तर ती नोकरी नको.

अपघात झाला तर

हा विषय नोकरी धरताना काढणे अशुभ मानले जाते. तरी काढावा. मालकाकडे विम्याची पॉलिसी बघायला मागावी. तिच्यात ‘ओनर-ड्रायव्हर’साठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा दिसेल आणि शेठ तेच बोटाने दाखवेल. तो विमा मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी आहे, पगारी ड्रायव्हरसाठी नाही. पगारी ड्रायव्हरच्या कायदेशीर जबाबदारीची वेगळी ओळ पॉलिसीत असते. इंग्रजीत ‘एलएल टू पेड ड्रायव्हर’ असे लिहिलेले असते आणि तिचा जादा हप्ता अगदी किरकोळ असतो. ती ओळ आहे का ते बघावे. कामावर असताना इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर आहे, मग त्याच्याकडे एकच गाडी का असेना. दहा किंवा अधिक कामगार असतील आणि वेतन २१ हजारांपर्यंत असेल, तर ईएसआय. वीस किंवा अधिक असतील तर भविष्य निर्वाह निधी. घरच्यांना या गोष्टी ठाऊक असायला हव्यात, कारण गरज पडेल तेव्हा विचारायला ड्रायव्हर स्वतः नसेलही.

५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राची रोकडरहित उपचार योजना लागू आहे. नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. जखमी ड्रायव्हरही त्यात येतो.

फौजदारी बाजू वेगळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, बेदरकारपणे गाडी चालवून मृत्यूस कारण होऊन पोलिसांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. तिच्याविरोधात जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ड्रायव्हर रस्त्यावर उतरले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षेचे कलम १०६(१) मात्र लागू आहे. जमावाच्या भीतीने पळणे आणि जबाबदारी टाळायला पळणे यांत फरक आहे. पण ११२ वर फोन करून जवळच्या ठाण्यात जाणे दोन्ही वेळा शहाणपणाचे. ‘केस झाली तर जामीन आणि वकील कोण बघणार?’ हे मालकाला विचारावे, आणि त्याच्याकडे आधी काम केलेल्या ड्रायव्हरलाही. काही मालक ठाण्यात येतात ते गाडी सोडवायला. ड्रायव्हर आत आहे हे त्यांना दोन दिवसांनी आठवते.

छोटा मालक की मोठी कंपनी?

दोन्हींत चांगले-वाईट आहे. छोटा मालक स्वतः कधीकाळी ड्रायव्हर होता, तर त्याच्यासारखा गुरू नाही. घरी अडचण आली तर तो गाडी उभी ठेवून सोडेल. पण पगाराची पावती, निधी, ठरलेली सुट्टी यांची आशा ठेवू नये, आणि एका गाडीचा हप्ता थकला तर पहिला फटका पगाराला बसतो. मोठ्या ताफ्याच्या कंपनीत पगार बँकेत येतो, जीपीएस असतो, गाडी नवी असते. २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, तीही आधी मोठ्या ताफ्यातच बघायला मिळेल. मात्र तिथे जीपीएसवर बसलेला विशीतला सुपरवायझर ‘गाडी थांबली का’ म्हणून दर तासाला फोन करतो, आणि ड्रायव्हरचे नाव त्याला ठाऊक नसते. तो गाडीच्या नंबरने हाक मारतो.

आमच्या मते पहिल्या वर्षासाठी मधला मार्ग बरा : दहा-पंधरा ट्रेलर असलेला, एकाच कारखान्याचे ठरलेले काम असलेला मालक. रोज त्याच प्रकारचा माल, तोच रस्ता, तेच घाट. माल बांधायला शिकायचे तर तीच कॉइल पन्नास वेळा बांधावी लागते. पगार दीड-दोन हजारांनी कमी असला तरी चालेल. मोठ्या यंत्रांचे, रुंदीबाहेरचे काम पैसा देते, पण ते पहिल्या वर्षात घेऊ नये.

मालकाची चौकशी मालकाकडे होत नाही. त्याच्या दोन गाड्या ज्या ढाब्यावर थांबतात तिथे जेवायला बसावे आणि एकच विचारावे : आधीचा ड्रायव्हर का गेला? मग एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून फिटनेस आणि विम्याची तारीख बघावी. याला पाच मिनिटे लागतात. फिटनेस संपलेली गाडी रस्त्यावर काढायला लावणारा मालक उद्या विमा कंपनीने दावा अडवला की ड्रायव्हरकडेच बोट दाखवणार.

आणि हो, ठरलेले सगळे एका मेसेजमध्ये स्वतःच लिहून शेठला पाठवावे : पगार इतका, भत्ता दिवसाला इतका, महिन्यात सुट्टी इतकी, ॲव्हरेजची अट ही, पासिंगवर माल, पहिल्या चार फेऱ्या उस्तादाबरोबर. शेवटी ‘बरोबर ना शेठ?’ एवढेच. समोरून ‘हो’ आले तर त्याचा स्क्रीनशॉट घरच्यांना पाठवून मग चावी घ्यावी.